सोयाबीनच्या दुधाला आलेली साय

माझ्या धाकट्या जावेने मला फसवले. सगळे जग दुधात पाणी घालते. तिने सोयाबीनच्या दुधाच्या नावाखाली मला म्हशीचे दूध पाजले. तेही एकदा-दोनदा नव्हे, उन्हाळ्यापासून श्रावणापर्यंत. हे नातेवाइकांत सांगितले की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "मंग तुमचं नुकसान काय झालं?" नुकसान काय झाले तेच सांगायला हे लिहीत आहे. ज्याला हसायचे असेल त्याने आत्ताच हसून घ्यावे.

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत माझे किराण्याचे दुकान आहे. ते मला कोणी आंदण दिलेले नाही. घराच्या खिडकीतून पापड आणि कुरडया विकायला लागले, मग खिडकीचे दार झाले आणि दाराचे शटर. नवरा शाळेत गणित शिकवायचा. हिशेब त्याला शिकवता येतो, करता येत नाही. त्यामुळे डाळी घ्यायला हिंगणघाटला मीच जायची. व्यापारी पोते उघडून वरच्या डाळीची वानगी ओंजळीत घेऊन दाखवायचा, "पाहा बाई, मोती हायेत मोती." मी ते मोती त्याच्याच ओंजळीत राहू द्यायची आणि कोपरापर्यंत हात घालून पोत्याच्या तळाची डाळ वर काढायची. वरचा माल गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी असतो आणि तळाचा त्याच्या पोटासाठी, हे मला कोणी शिकवले नव्हते. तिथले दलाल मला पाहून एकमेकांना खुणा करायचे. एक तर उघड म्हणायचा, "बाई आली, पंखा लावा, आता घाम फुटते."

अशा मला फसवले. म्हणून जास्त लागले.

आता कॉफीचे सांगते. आमच्या भागात चहा चालतो. कॉफी म्हणजे पाहुणा शहरातून आला की त्याच्यापुढे ठेवायची वस्तू. पण नव्वद सालानंतर मी मागची खोली एका नर्सबाईला भाड्याने दिली. ती केरळची होती. दुपारच्या ड्यूटीला जाण्याआधी ती कॉफी उकळायची आणि तो वास भिंत ओलांडून माझ्या दुकानात यायचा. हिंग, मिरची, साबण, रॉकेल या सगळ्यांच्या डोक्यावर पाय देऊन यायचा. आठवडाभर मी तो वास फुकट घेतला. आठव्या दिवशी तीच कप घेऊन आली. "दीदी, पियो. रोज दीवार के उधर से सूँघते हो."

त्या कपानंतर मी चहा सोडला. दुपारी दुकानात शुकशुकाट असायचा तेव्हा मागच्या पायरीवर बसून मी एक कप कॉफी प्यायची. घट्ट, भरपूर दुधाची, वर साय तरंगणारी. तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाने थांबायचे, फोनने वाजायचे नाही आणि नवऱ्याने हाक मारायची नाही, असा नियम होता. सकाळी सहापासून रात्री शटर ओढेपर्यंत मी सगळ्यांची होते. माझी म्हणावी अशी ती एक पायरी आणि तो एक कप.

पुढे काही वर्षांनी माझे पोट बिघडायला लागले. जेवले की गुबारा धरायचा, पोटात बेडूक बोलल्यासारखे व्हायचे. वर्ध्याच्या बाजारातल्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी पोटावर दोन बोटे ठोकली, जीभ बघितली आणि म्हणाले, "तुम्हाला दूध पचत नाही. दूध बंद."

"किती दिवस?"

"कायमचंच समजा."

"अर्धा कप चालेल?"

"नाही."

"पाव?"

"बाई, हे दुकान नाही."

"बरं, साय तरी? साय म्हणजे काही दूध नव्हे."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आयुष्यात ज्या माणसासमोर माझी घासाघीस चालली नाही, तो हा एकटाच.

बिनदुधाची कॉफी मी करून पाहिली. ती कॉफी नव्हे, काढा. तापात नाक धरून पितात तसला. तेव्हा मी ठरवले की दूध नाही तर नाही, दुधाचे काम करणारे दुसरे काहीतरी शोधायचे. जनावराचे नको तर झाडाचे. एवढे धान्य माझ्या दुकानात पोत्यांनी पडलेले, त्यातल्या एकालाही दूध फुटू नये?

पहिला सल्ला नर्सबाईचा. "दीदी, नारियल का दूध डालो. हमारे उधर तो सब में डालते." केरळात नारळ झाडाला लागतो. वर्ध्यात तो देवळात लागतो. माझ्या दुकानातला नारळ भक्त घेऊन जायचा, देवापुढे ठेवायचा आणि पुजाऱ्याकडून तो पुन्हा माझ्याच दुकानात यायचा. असा कितीतरी वेळा देवदर्शन केलेला एक नारळ मी फोडला, खोबरे मिक्सरमधून काढले आणि पिळून दूध केले. कॉफीवर तेलाचे बारीक बारीक चकाकते थेंब आले. नवऱ्याने एक घोट घेतला आणि हात जोडले. "आज पूजा कोनाकडं होती?"

दुसरा सल्ला दुकानात येणाऱ्या एका निसर्गोपचारवाल्या गृहस्थांचा. ते मीठ खात नसत आणि साखर खाणाऱ्यांकडे खुनी माणसाकडे बघावे तसे बघत. ते म्हणाले, शेंगदाणे रात्रभर भिजवा, सकाळी वाटा, गाळा, अमृत होते. मी भिजवले, वाटले, गाळले. कॉफीत घातले. दिसायला बरे होते. तोंडात घेतले आणि एकादशी आठवली. नवरा कप घेऊन स्वयंपाकघरात शोधाशोध करायला लागला.

"काय पाह्यता?"

"आमटी तर झाली. भगर कुठं हाय?"

या माणसाशी मी तीन दिवस बोलले नाही.

मग उरले सोयाबीन. त्या काळात आमच्याकडे जिकडेतिकडे सोयाबीनच पेरायला लागले होते. पण ते खायचे असते हे कोणाच्या मनातही नव्हते. ते ट्रकमध्ये भरायचे, तेलाच्या कारखान्यात जायचे आणि उरलेल्या चोथ्याची गुरांसाठी ढेप व्हायची. मी पायलीभर भिजवले. साले काढताना बोटे सुजली. मिक्सर तापून वास सुटला. जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळले तर दूध निघाले खरे, पांढरेशुभ्र, डोळ्यांना फसवणारे. ते उकळत्या कॉफीत ओतले आणि डोळ्यांदेखत फाटले. खाली तपकिरी पाणी, वर चोथा आणि घरभर पावसात भिजलेल्या पोत्याचा वास. नर्सबाई नाकाला पदर लावून आली. "दीदी, कुछ मर गया क्या?"

नवरा काही बोलायच्या आत मी त्याच्याकडे पाहिले. तो वर्गावर निघून गेला. रविवार होता.

अशा वेळी माझी धाकटी जाऊ आली. ती आणि दीर हिंगणीला राहतात. शेती आहे आणि गोठ्यात एक म्हैस. दीर रोज मोटरसायकलने वर्ध्याला नोकरीला येतात. जाऊ बोलायला मऊ, चालायला हळू. तिच्याकडे पाहून कोणालाही वाटेल की हिला दहाचे सुटे मागितले तरी भांबावेल. मलाही वीस वर्षे तसेच वाटत होते.

तिने पिशवीतून कॅन काढला. म्हणाली, "जाऊबाई, आमच्या बचत गटाले सोयाबीनचं दूध काढाले शिकवलं. संस्थेच्या बाया आल्या होत्या. उकळत्या पान्यात टाकून मंग वाटलं की वास येत नाई. तुमाले दूध बंद सांगितलं म्हने, म्हनून आनलं. चांगलं वाटलं तं दुकानात ठेवजा."

मी चाखले. वास नव्हता, हे खरे. पण माल चांगला आहे असे पहिल्या वाक्यात सांगणारा माणूस व्यापारात टिकत नाही. मी दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला. दूध चांगले असले की थेंब नखावर बसून राहतो. हा घसरून मनगटापर्यंत गेला.

"यात पानी हाय," मी म्हटले.

"अवो जाऊबाई, सोयाबीन पान्यातच वाटते!"

"थे मले नको सांगू. पातळ हाय. आन याच्यावर साय कुठं हाय?"

"सोयाबीनले म्हशीवानी साय कुठून येईन?"

"थे तुह्यं तू पाह्य. माह्या कॉफीवर साय तरंगली पाह्यजे. आन भाव म्हशीच्या दुधाच्या निम्मा."

"निम्मा? निवडनं, सोलनं, वाटनं, बायाईचे हात तुटून राह्यले जाऊबाई."

"म्हशीले चारा लागते, ढेप लागते. सोयाबीन काय खाते? निम्म्याच्या वर एक पैसा नाई. परवडत नसन तं घेऊन जाय."

तिने कॅनचे झाकण घट्ट बसवले. मग म्हणाली, "बरं. पाह्यतो काय होते थे." आणि गेली.

दोन दिवसांनी दिरांनी कॅन आणून ठेवला. मी तापवले. वर साय! बोटभर नाही, पण उचलली तर तुटणार नाही अशी. नखावरचा थेंब हलला नाही. कॉफीत ओतले तर फाटले नाही, फिकट विटकरी रंग आला आणि पायरीवर बसून पहिला घोट घेतला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. किती महिन्यांनी ती कॉफी परत आली होती. नवऱ्याला म्हटले, "पाह्यलं? दाबलं की माल सुधरते. बाईमानूस असो, नाईतर हिंगनघाटचा दलाल."

नवऱ्याने घोट घेतला, माझ्याकडे पाहिले, कपाकडे पाहिले आणि म्हणाला, "सोयाबीन लयच चांगल्या जातीचं दिसते."

त्याला तेव्हाच कळले होते असे आता तो म्हणतो. मग तेव्हा का बोलला नाही असे विचारले तर म्हणतो, "तू हसून राह्यली होती. म्हटलं, राहू द्या."

पुढचे सारे महिने मी त्या दुधाची जाहिरात करत फिरले. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायची, गुडघे दुखतात? सोयाबीनचे दूध. मुलगी वाळते? सोयाबीनचे दूध. जावेच्या गटाचे कॅन मी दुकानाच्या फ्रीजमध्ये ठेवायला लागले. गिऱ्हाइके न्यायची आणि दुसऱ्या दिवशी तोंड वाकडे करून यायची. "बाई, तुमी म्हनता तशी चव नाई लागत." मी त्यांना सुनवायची की तुमच्या जिभेला सवय नाही, तुम्हाला उकळता येत नाही, तुमचे भांडे खराब आहे. एकीला तर मी स्वतःच्या कपातला घोट पाजला. ती चाट पडली. "हे तं एकदम दुधावानी लागते!" मी म्हटले, "मंग!"

डॉक्टरांनाही एकदा थर्मासमधून कॉफी नेऊन दिली. ते दोन कप प्यायले. माझे पोट तपासले. इतक्या महिन्यांत गुबारा नाही, बेडूक नाही, काही नाही. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "बघा! दूध सोडल्याचा परिणाम. चेहऱ्यावर तेज आलंय." हे वाक्य लक्षात ठेवा.

श्रावणात जावेचा निरोप आला की गटाच्या बाया शेतात निंदणाला जातात, जुने सोयाबीनही संपले, आता नवे निघाले की दूध देऊ. मला पटले. हंगामाचा माल हंगामात. दोन महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. दसऱ्याच्या सुमारास नवे सोयाबीन बाजारात दिसायला लागले आणि मी रोज दिरांच्या मोटरसायकलसमोर उभी राहायला लागले. "भाऊजी, नवं निघालं ना? मंग दूध कुठं हाय?" ते बिचारे मान खाली घालून जायचे. चौथ्या दिवशी त्यांनी कॅन आणून दिला आणि गाडी बंदही न करता निघून गेले.

दूध पिवळसर होते. मी म्हटले, नव्या दाण्याचा रंग असेल. गंजात, म्हणजे आमच्याकडच्या पातेल्यात, कॉफी उकळायला ठेवली, साखर घातली, दूध ओतले. ढवळता ढवळता चमचा जड झाला. मग अडला. मग मी हात काढून घेतला तरी तो गंजात उभाच राहिला. खाली उतरवले तर गंजभर तपकिरी वडी. सुरीने कापता यावी अशी.

नर्सबाई म्हणाली, "दीदी, ये क्या बना?"

नवरा आला. त्याने कड कापून तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "वा! खरवस झकास जमला. पन विलायची टाकाले पाह्यजे होती. आन खरवसात कॉफी काऊन टाकली?"

खरवस! ज्याच्या घरी गोठा आहे त्याला हे सांगायला नको. म्हैस व्याली की पहिल्या दिवसांच्या चिकाचा खरवस होतो. म्हशीच्या चिकाचा होतो, गाईच्या चिकाचा होतो. शेंगेतल्या दाण्याचा आजवर झालेला नाही.

मी शटर ओढले, गंज फडक्यात बांधला आणि हिंगणीची एसटी धरली. शेजारी बसलेली बाई विचारत होती, "कोनाकडं खरवस नेऊन राह्यल्या वं बाई? वास कसा कॉफीवानी येते." मी गंज मांडीवर ओढून घेतला.

जाऊ गोठ्यातच होती. म्हशीजवळ दोन दिवसांची वगार अडखळत उभी होती, ओल्या नाकाची. मला पाहून जाऊ उठली, पदर सारखा केला. मी गंज तिच्यापुढे उघडला.

"काय वं, तुह्यं सोयाबीन व्यायलं काय?"

तिने गंजात पाहिले. कपाळाला हात लावला. "अरे देवा! मी वावरात होती. ह्याईनं भलताच गंज ओतला. तुमच्यासाठी तं शेजारच्या म्हशीचं दूध आनून ठेवलं होतं मी."

म्हणजे श्रावणात सोयाबीन नव्हे, तिची म्हैस आटली होती, आणि आता चीक निघत असताना मला फसवायला तिने शेजाऱ्याकडून दूध आणले होते! मी ओरडले. काय काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखे नाही. वगार घाबरून आईच्या पोटाखाली गेली. जाऊ ऐकत राहिली आणि माझा दम संपला तेव्हा हळूच म्हणाली, "पोट दुखलं काय तुमचं?"

"थे सोड."

"एक दिवस तरी दुखलं काय, सांगा."

"नाई दुखलं."

"साय मांगितली, साय देल्ली. निम्म्या भावात मांगितलं, निम्म्या भावात देल्लं. निम्म्या भावात म्हशीचं दूध आख्ख्या जिल्ह्यात कोनाले भेटत नाई, जाऊबाई. नुकसान तं माहं झालं."

"मंग काऊन केलं?"

"तुमी वाईट म्हटलं असतं तं नालवाडीत आमच्या गटाचं दूध कोन घेतलं असतं? तुमाले आवडलं म्हनून तं साऱ्यांनी घेतलं." मग म्हणाली, "त्याईले खरं सोयाबीनचंच देत होती मी. देवाशपथ. तुमचाच कॅन येगळा होता."

तेव्हा मला कळले. मी हिच्या पोत्याच्या वरची वानगी होते. गिऱ्हाइकांना खरा माल मिळत होता आणि तो नावडला तर मी त्यांच्या जिभेला नावे ठेवत होते, तेही हातात म्हशीच्या दुधाची कॉफी धरून. वीस वर्षे पोत्यांच्या तळात हात घालणारी मी, फ्रीजमधल्या गिऱ्हाइकांच्या कॅनमध्ये बोट घालायला विसरले. आणि वर ती म्हणते, "आल्या तं बसा. खरवस खाऊन जा, विलायचीचा हाय."

खाल्ला. एसटीला वेळ होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले. सगळे सांगितले. ते प्रसन्न हसले. "म्हणजे तुम्हाला दूध चालतं! आनंदाची गोष्ट आहे."

"आन चेहऱ्यावरचं तेज?"

"ते आहेच," म्हणाले. "पुढचा पेशंट!"

आनंदाची गोष्ट! आता मी करू काय? म्हशीचे दूध प्यायला लागले तर जाऊ जिंकली. सगळ्या घराण्यात म्हणत फिरेल की शेवटी माझेच दूध मानवले. सोयाबीनचे खरे दूध प्यावे तर ते काय चवीचे असते हे मी नालवाडीतल्या निम्म्या बायांच्या तोंडून ऐकले आहे. गट आता मोठा झाला आहे, जाऊ त्याची अध्यक्ष आहे आणि सभेत माइक धरून सांगते की आमच्या जाऊबाईंनी पहिल्यांदा साथ दिली. लोक टाळ्या वाजवतात. मी पुढच्या रांगेत बसलेली असते. मी रोज दुपारी सोयाबीनचे दूध घालून कॉफी पिते, वास आला तरी पिते, आणि नवरा पेपरच्या आडून माझे तोंड बघतो.

म्हणून आता मला एकच उत्तर हवे आहे आणि ते दोघांनी मिळून द्यायचे आहे. डॉक्टर खरे असतील, मला दूध खरोखर बाधणारे असेल, तर माझ्या जावेने उन्हाळ्यापासून श्रावणापर्यंत माझ्या पोटाशी जुगार खेळला. जाऊ खरी असेल, दुधाने मला काहीच होत नसेल, तर त्या डॉक्टरने देवळातला नारळ, एकादशीचे दाणे आणि फाटलेले सोयाबीन मला विनाकारण पाजले. दोघेही एकाच वेळी निर्दोष असूच शकत नाहीत. एवढे गणित माझ्या नवऱ्यालाही करता येईल. तेव्हा डॉक्टरसाहेब आणि धाकट्या जाऊबाई, एकेकटे येऊ नका, एकेकटे तुम्ही फार गोड बोलता. एकमेकांच्या शेजारी बसा आणि माझ्या तोंडावर सांगा: माझी कॉफी कोणी नासवली?